अपूर्णांकाला न अडणारी सहा पानं

आज हेडफोनसोबत जमलं तर एक पेनही जवळ ठेवा. गोष्ट १६८४ सालची आहे, पण सुरुवात माझ्या बारावीच्या चाचणीपासून करतो.

गणित साधं होतं: क्ष + १/क्ष या फंक्शनचे मॅक्झिमा-मिनिमा काढा. मी डेरिव्हेटिव्ह काढलं, १ − १/क्ष². शून्याबरोबर मांडलं. उत्तरं आली १ आणि −१. इथवर सगळं बरोबर. मग किमती काढल्या. −१ ला मॅक्झिमम, किंमत −२. १ ला मिनिमम, किंमत २. मॅक्झिमम मिनिममपेक्षा लहान? मी घाबरून बरोबर आलेलं खोडलं, आणि शून्याला डेरिव्हेटिव्ह नाही म्हणून शून्य हाच क्रिटिकल पॉइंट लिहून आलो. मार्क गेले. का गेले, ते मला खूप नंतर कळलं, तेही इतिहास वाचताना.

१६३०च्या दशकात फ्रान्समध्ये फर्माकडे एक युक्ती होती. क्षच्या जागी क्ष + इ घाला, दोन्ही किमती जवळजवळ समान माना, इ ने भागा, आणि उरलेला इ सोडून द्या. युक्ती भारी, पण छेदात क्ष आला की आधी तो अपूर्णांक घालवत बसायचं.

नोव्हेंबर १६७५. पॅरिसमध्ये २९ वर्षांचा लायब्निझ कागदावर स्वतःलाच विचारतो: भागाकाराचं डेरिव्हेटिव्ह म्हणजे दोन डेरिव्हेटिव्हचा भागाकार का? आपण सगळ्यांनी कधीतरी केलेली चूक! त्यानं उदाहरण घेऊन तपासलं. उत्तर आलं, नाही. खरा नियम, म्हणजे आपला क्वोशंट रूल, त्याला पुढे सापडला.

ऑक्टोबर १६८४ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगच्या ‘आक्टा एरुडिटोरम’ या मासिकात त्याचा लेख आला. जेमतेम सहा पानं. लांबलचक शीर्षकातच दावा होता की मॅक्झिमा, मिनिमा आणि स्पर्शिका काढायची ही नवी पद्धत अपूर्णांकाला अडत नाही. छेद घालवायची गरजच नाही, नियम लावा आणि पुढे चला. सिद्धता मात्र दिली नव्हती, त्यामुळे वाचणाऱ्यांची चांगलीच दमछाक झाली.

आता माझी चूक. अपूर्णांक पद्धतीला अडवत नाही हे खरं, पण छेद शून्य होतो तिथे फंक्शनच नसतं. डेरिव्हेटिव्ह शून्य असलेला बिंदू म्हणजे स्टेशनरी पॉइंट. क्रिटिकल पॉइंटमध्ये ते येतातच, शिवाय जिथे डेरिव्हेटिव्ह नाही ते बिंदूही येतात. पण एक अट: तिथे फंक्शन असायला हवं. शून्यावर १/क्ष नाही, म्हणून शून्य बाद.

मग शून्य विसरायचं का? अजिबात नाही! आलेख तिथेच तुटतो. −१ नंतर तो खाली खाली जातो, शून्यापलीकडे एकदम खूप वरून सुरू होतो आणि १ पर्यंत उतरतो. दोन वेगळे तुकडे. म्हणून डाव्या तुकड्याचा माथा उजव्या तुकड्याच्या तळापेक्षाही खाली असू शकतो. मी खोडलेलं उत्तर बरोबरच होतं.

तेव्हा मंडळी, फंक्शनमध्ये छेद दिसला की आधी तो कुठे शून्य होतो ते बघा. चिन्हांच्या तक्त्यात ती जागा मांडा, पण उत्तरात लिहू नका. आणि उत्तर विचित्र वाटलं तर खोडण्याआधी लायब्निझसारखं एकदा तपासा. भेटू पुढच्या भागात!