मुंबईच्या उपनगरी रेल्वेची राखण : रखवालीपासून जोखीम-व्यवस्थापनापर्यंत

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली, तेव्हापासून पुढची कितीतरी दशके रेल्वे कंपन्यांच्या लेखी राखण करण्याजोगी गोष्ट म्हणजे प्रामुख्याने माल होता. कापसाच्या गाठी, गोदामे, रुळांचे लोखंड आणि तिकिटांचा गल्ला यांच्या चोरीची कंपन्यांना धास्ती होती. प्रवाशाच्या जिवावर कोणी मुद्दाम उठेल, ही कल्पना त्या काळच्या व्यवस्थेत फारशी बसत नव्हती. १८८२ मध्ये रेल्वेवरील पोलिसांची ‘सरकारी’ आणि ‘कंपनीचे’ अशी रीतसर विभागणी झाली. गुन्ह्यांचा तपास व शांतता राखणे ही कामे सरकारी पोलिसांकडे आली, तर मालमत्तेची रखवाली कंपन्यांनी स्वतःच्या खर्चाने करावी असे ठरले. कंपन्या गेल्या, राज्य बदलले, १९५१ मध्ये मध्य आणि पश्चिम रेल्वे अस्तित्वात आल्या, तरी ही विभागणी टिकली. राज्यघटनेने ‘पोलीस’ हा विषय रेल्वे पोलिसांसह राज्यांच्या सूचीत ठेवल्याने लोहमार्ग पोलीस राज्य सरकारचे राहिले आणि १९५७ च्या कायद्याने स्थापन झालेले रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे झाले. या दलाला १९८५ मध्ये सशस्त्र दलाचा दर्जा मिळाला. परंतु प्रवाशांचे संरक्षण हे त्याच्या कायदेशीर कर्तव्यांत स्पष्टपणे आले ते २००३ च्या दुरुस्तीनंतर. एकाच फलाटावर दोन गणवेश, दोन वरिष्ठ आणि दोन नोंदवह्या ही मुंबईकरांना सवयीची झालेली स्थिती या एकोणिसाव्या शतकातल्या वाटणीतून आलेली आहे. पुढे जे घडले ते समजून घेताना ती नजरेआड करता येत नाही.

या व्यवस्थेसमोर जी रेल्वे होती, तिची घडणच उघडेपणाची होती. १९२५ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेची गाडी धावू लागली आणि त्यानंतर शहर रुळांच्या कडेकडेने उत्तरेकडे सरकत गेले. स्थानके बाजारपेठांच्या मधोमध आली, पादचारी पूल हे प्रवाशांइतकेच रस्ता ओलांडणाऱ्यांचेही झाले, आणि एका स्थानकाला चार-पाच दिशांनी वाटा फुटल्या. करोनापूर्व काळात दररोज सुमारे ७५ लाख प्रवासी वाहणाऱ्या या जाळ्यात तिकीट तपासनीसाखेरीज कोणी कोणाला अडवत नसे. गर्दीच्या वेळी एका लोकलमध्ये चार हजारांहून अधिक माणसे असतात. त्यांतील प्रत्येकाच्या तपासणीला केवळ दहा सेकंद लागतात असे धरले, तरी एका दारातून ताशी ३६० जण पुढे जातील. म्हणजे एका गाडीचे प्रवासी तपासायला एका दाराला अकरा तास आणि दहा दारांना तासाहून अधिक वेळ लागेल, आणि दरम्यान तीन-चार मिनिटांच्या अंतराने पुढच्या गाड्या येतच राहतील. विमानतळाची पद्धत लोकलला लागू का होत नाही, याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

अशा ठिकाणी सुरक्षेचा विचार ‘जोखीम-व्यवस्थापन’ या पद्धतीने करावा लागतो. कोण, कोणत्या हेतूने व किती ताकदीने हल्ला करू शकतो याला धोका म्हणतात. हल्ला करणे कोठे व किती सोपे आहे याला भेद्यता म्हणतात. आणि हल्ला झालाच तर मनुष्यहानी, नुकसान व खोळंबा किती होईल हा परिणाम होय. या तिन्हींचा एकत्रित अंदाज म्हणजे जोखीम. ती शून्यावर आणता येत नाही, हे या पद्धतीचे पहिले गृहीत आहे. त्यामुळे उपलब्ध माणसे व पैसा कोठे लावायचा आणि उरलेली कोणती जोखीम जाणूनबुजून पत्करायची, हे ठरवणे हे तिचे खरे काम ठरते. मुंबईत हे ठरवण्याचे काम पुष्कळदा झाले, पण ते बहुधा हल्ल्यानंतरच्या घाईत झाले, आणि काय पत्करले आहे हे प्रवाशांना सांगितले गेले नाही.

१२ मार्च १९९३ च्या स्फोटमालिकेत २५७ जणांचा बळी गेला. त्या दिवशी शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, हॉटेले, बाजारपेठा आणि चित्रपटगृह ही लक्ष्ये होती, लोकल नव्हती. त्यामुळे शहराच्या बंदोबस्तावर चर्चा झाली, तरी रेल्वे तिच्या कडेलाच राहिली. डिसेंबर २००२ पासून मात्र लक्ष्य सरळ प्रवासाकडे वळले. घाटकोपरला बेस्टच्या बसमध्ये, मुंबई सेंट्रल स्थानकाच्या आवारातील उपाहारगृहात, १३ मार्च २००३ रोजी मुलुंडजवळ लोकलच्या महिला डब्यात आणि जुलैमध्ये पुन्हा घाटकोपरच्या बसमध्ये स्फोट झाले. ऑगस्टमध्ये गेटवे ऑफ इंडिया आणि झवेरी बाजार येथे टॅक्सींमधून बॉम्ब आणले गेले. आठ-नऊ महिन्यांत बस, स्थानक, लोकल आणि टॅक्सी या चारही साधनांवर आघात झाला होता. मागाहून पाहता ही मालिका पुरेशी स्पष्ट सूचना देत होती, असे म्हणणे सोपे आहे. तथापि ती सूचना ज्यांच्यापर्यंत पोहोचायची ते पोलीस, बेस्ट आणि दोन रेल्वे वेगवेगळ्या शासनांच्या अखत्यारीत होते, हेही तितकेच खरे.

११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी ६.२४ ते ६.३५ या अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, मीरा रोड आणि बोरिवली या परिसरांत घडलेल्या या स्फोटांनी पहिल्या वर्गाचे डबे फाटले. १८९ जण मृत्युमुखी पडले आणि आठशेहून अधिक जखमी झाले. निवडलेली वेळ, निवडलेला मार्ग आणि निवडलेला डबा या तिन्हींतून लोकलच्या भेद्यतेचा नेमका अभ्यास दिसतो. चर्चगेटहून निघालेल्या गच्च भरलेल्या गाडीत सामानाच्या फळीवर ठेवलेली पिशवी कोणाची, हे कोणी विचारत नाही, कारण त्या फळीवर सर्वांच्याच पिशव्या असतात. बेवारस वस्तूंबद्दलच्या उद्घोषणा तोवर सुरू होत्या. परंतु जेथे प्रत्येक वस्तू थोडा वेळ बेवारसच असते, तेथे अशी उद्घोषणा फार काही करू शकत नाही.

त्या संध्याकाळी मदतीला सर्वांत आधी धावले ते उरलेल्या डब्यांतील प्रवासी आणि रुळांलगतच्या वस्त्यांतील रहिवासी. चादरींत गुंडाळून, मिळेल त्या वाहनात घालून त्यांनी जखमींना रुग्णालयांत पोहोचवले. काही तासांत वाहतूक पुन्हा सुरू होऊ लागली आणि दुसऱ्या दिवशी लोक कामावर निघाले. या घटनेला ‘मुंबईचे स्पिरिट’ असे नाव देऊन तिची आरती ओवाळण्यात आली, आणि त्या गजरात एक कोरडी बाब हरवली : जोखीम-व्यवस्थापनात सेवा लवकर पूर्ववत होणे हे स्वतंत्र संरक्षण मानले जाते, कारण शहर ठप्प करणे हाच हल्लेखोराच्या हेतूचा मोठा भाग असतो. नागरिकांनी आपणहून जे केले त्याची आखणी, सराव आणि प्रथमोपचाराची साधने यंत्रणेच्या बाजूनेही हवी होती. कौतुकाने ती गरज झाकली गेली.

लंडनचा अनुभव येथे ताडून पाहण्याजोगा आहे, कारण त्या शहराने हा प्रश्न फार आधीपासून हाताळला. १८८३ मध्ये आयरिश फेनियन गटाने तेथील भुयारी रेल्वेत स्फोट घडवले. पुढच्या वर्षी व्हिक्टोरिया स्थानकाच्या सामानघरात बॉम्ब फुटला. १८ फेब्रुवारी १९९१ रोजी आयरिश रिपब्लिकन आर्मीने पॅडिंग्टन आणि व्हिक्टोरिया येथे बॉम्बस्फोट केले, त्यांपैकी दुसरा कचरापेटीत ठेवलेला होता. शहरातील सर्व मोठी अंतिम स्थानके त्या दिवशी बंद झाली आणि त्यानंतर स्थानकांवरील कचरापेट्या गेल्या. पेट्या काढणे सोपे होते. अवघड धडा निराळाच निघाला : दूरध्वनीवरून आलेल्या प्रत्येक धमकीला स्थानक रिकामे करायचे ठरवले, तर बॉम्ब ठेवण्याचे श्रमही न घेता कोणीही शहर थांबवू शकतो. म्हणून धमक्यांची प्रतवारी करण्याची पद्धत रूढ झाली. बेवारस वस्तूबाबत ती लपवलेली आहे का, उघडपणे संशयास्पद दिसते का आणि त्या जागी नेहमी आढळणाऱ्या वस्तूंसारखी आहे का, असे तीन प्रश्न कर्मचाऱ्यांना शिकवले गेले. प्रत्येक वेळी बंद न करण्याचा निर्णय घेण्याची जबाबदारी तेथे कोणीतरी नावानिशी स्वीकारली, आणि या पद्धतीचे बळ त्यात आहे. तरीही ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या तीन भुयारी गाड्या आणि एका बसमध्ये आत्मघातकी हल्लेखोरांनी ५२ जणांचा जीव घेतला, हे विसरता कामा नये. सामानावर रोखलेल्या नजरेला स्वतः बॉम्ब वाहणारा माणूस दिसत नाही.

मुंबईतही धोक्याचे रूप असेच बदलले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये शिरलेल्या दोघांकडे लपवायची पिशवी नव्हती, उघड्यावर चालवायच्या स्वयंचलित बंदुका होत्या. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या दालनात त्यांनी केलेल्या गोळीबारात ५८ जण ठार झाले, लोहमार्ग पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे यांनाही तेथेच वीरमरण आले. पोलिसांच्या हाती लाठ्या आणि जुन्या धाटणीच्या रायफली होत्या. त्या रात्री उपनगरी बाजूची हानी मर्यादित राहिली, याचे मोठे श्रेय उद्घोषक विष्णू झेंडे यांना दिले जाते. त्यांनी आपल्या कक्षातून दिसणारा प्रकार ओळखून उतरणाऱ्या प्रवाशांना ध्वनिक्षेपकावरून सुरक्षित वाटेने बाहेर पडण्यास सांगितले. त्यांच्याकडे शस्त्र नव्हते, यंत्र नव्हते. दालन दिसेल अशी जागा, चालू ध्वनिक्षेपक आणि स्वतःच्या जबाबदारीवर बोलण्याचे धैर्य एवढेच होते.

हल्ल्यांनंतर जे उभे राहिले ते मात्र बहुतांशी यंत्रांच्या रूपात. देशातील २०२ स्थानकांसाठी एकात्मिक सुरक्षा प्रणाली मंजूर झाली. कॅमेरे, प्रवेशनियंत्रण, सामानाची तपासणी आणि बॉम्बशोधक पथके ही तिची अंगे होत. राज्याने ‘फोर्स वन’ हे कमांडो दल उभारले. कॅमेऱ्यांचा तपासात उपयोग झाला आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. स्थानकांच्या तोंडाशी उभ्या केलेल्या धातुशोधक चौकटींबद्दल असे म्हणता येत नाही. ज्या दारातून जाताना प्रत्येकाच्या किल्ल्या व भ्रमणध्वनीमुळे आवाज होतो आणि त्या आवाजाला कोणी उत्तर देत नाही, ते दार प्रवाशाला आश्वासन देते आणि हल्लेखोराला अडवत नाही. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोत सामान यंत्रातून जाते आणि अंगझडती होते, कारण मोजक्या प्रवेशद्वारांमुळे तेथे ते शक्य आहे. तोच प्रवासी घाटकोपरला पूल ओलांडून लोकलमध्ये चढतो तेव्हा त्याला कोणी थांबवत नाही. दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी समर्थनीय असतील, पण त्यांची जोखीम एकत्र मोजली जात नाही.

याच संदर्भात दुसरी एक तुलना टाळता येत नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने २०१२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार रूळ ओलांडण्यासारख्या कारणांनी भारतीय रेल्वेवर दरवर्षी सुमारे १५,००० माणसे मरत होती आणि त्यांतील सुमारे ६,००० मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्यानंतर लष्कराच्या मदतीने तेथे नवा पूल बांधला गेला. रुंद पूल, मोकळे जिने आणि एकापेक्षा अधिक बाहेर पडण्याच्या वाटा या दहशतवादी हल्ल्यात, आगीत आणि रोजच्या गर्दीत सारख्याच उपयोगी पडतात. निधी मर्यादित असताना चौकटीआधी पूल, हा क्रम जोखमीच्या हिशेबाने ठरतो. मुंबईत तो अनेक वर्षे उलटा राहिला.

धोका, भेद्यता व परिणाम या तीन अंगांपैकी पहिले अंग मुंबईच्या बाबतीत अजून अनिश्चित आहे. ११ जुलैच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी धरून पाच जणांना फाशीची आणि सात जणांना जन्मठेपेची शिक्षा दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या सर्वांना निर्दोष ठरवले. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि तो दाखला म्हणून वापरला जाऊ नये असे सांगितले, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही. त्या सात पिशव्या कोणी ठेवल्या, या प्रश्नाला एकोणीस वर्षांनंतरही न्यायालयात टिकलेले अंतिम उत्तर मिळालेले नव्हते.