बारा व्होल्टची भिंत

गेल्या आठवड्यात ऑफिसातला एक ज्युनियर पोरगा गाडीच्या नव्या स्टिरिओचा खोका घेऊन डेस्कवर आला. खोक्यावर ठळक अक्षरात '५० वॅट × ४'. "म्हणजे दोनशे वॅट ना, दादा?" मी म्हटलं, "खोक्यावर दोनशे. गाडीत ऐंशी मिळाले तर तळ्यातल्या गणपतीला नारळ फोड." बिचारा हिरमुसला. चहा झाला, दुसरा चहा झाला, तरी माझं स्पष्टीकरण संपेना. शेवटी म्हटलं, शनिवारी सगळं लिहूनच काढतो. तर मंडळी, हा वीकांत त्या दोनशे वॅटच्या नावानं.

हा प्रश्न मला स्वतःलाच एकदा पडला होता. २००४ साली मी टेक्सासात होतो आणि एक जुना पिकअप ट्रक घेतला होता. (देशी मंडळी कॅमरी-कोरोला घेतात आणि हा ट्रक का घेतो, हे आईला फोनवर समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले होते.) आधीच्या मालकानं त्यात बाहेरून घेतलेला स्टिरिओ बसवला होता. गावात ठीक वाजायचा. पण हायवेवर, एसी फुल आणि टायरचा घोंघाट चालू असला की आवाज वाढवावा लागे आणि वाढवला की तो फाटायचा. बेस तर गायबच. स्टिरिओच्या तोंडावर लिहिलं होतं '४५ वॅट × ४'. दुकानदारानं सांगितलं, अँप्लिफायर लावा. माझा प्रश्न साधा होता: आत एकशे ऐंशी वॅटचा अँप्लिफायर आहेच ना? मग दुसरा कशाला?

कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा उत्तर पाच मिनिटांत मिळालं. इंजिन चालू असताना गाडीत मिळतात फार तर १४.४ व्होल्ट. गाडीचा स्पीकर साधारण ४ ओहमचा. स्पीकरचं एक टोक बॉडीला जोडलं, तर ताण मधल्या रेषेपासून जेमतेम सात व्होल्ट वर आणि सात खाली जातो, आणि हिशेब येतो साडेसहा वॅट. दोन्ही टोकांना उलटसुलट ओढायची युक्ती केली, म्हणजे ज्याला ब्रिज म्हणतात, तर १४.४ व्होल्टचं शिखर मिळतं आणि गणित जातं २६ वॅटवर. ट्रान्झिस्टर आपला हप्ता खातात, तो वजा करता खरे उरतात अठरा-वीस. आणि मग पन्नास कुठून आले? १४.४ चा वर्ग भागिले ४ म्हणजे ५२. हे उत्तर केव्हा खरं ठरतं? बटण शेवटपर्यंत पिळून गाण्याची गोलाई पार चेचून तिचा चौकोन केलात तर! म्हणजे ते गाणं नसून भोंगा असतो. खोक्यावर लिहिलेला वॅट हा भोंग्याचा वॅट.

गंमत म्हणजे स्टिरिओच्या पाठीमागचा फ्यूज बघितला असता तरी चोरी पकडता आली असती. माझ्याकडचा होता १० अँपिअरचा. दहा गुणिले १४.४ म्हणजे आत जाणारी वीजच १४४ वॅट, मग बाहेर १८० कुठून येणार? पण लेबल वाचणारा फ्यूज बघत नाही.

आता इतिहास. कारण ही बारा व्होल्टची भिंत काही नवी नाही. गाडीत रेडिओ शिरला त्या दिवसापासून ती तिथे उभी आहे. उलट तेव्हा ती सहा व्होल्टची होती!

१९३० च्या सुमारास रेडिओ म्हणजे व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हना लागत शंभराच्या वर व्होल्ट. गाडीची बॅटरी सहाची. मग लोक काय करत? गाडीच्या तळाशी वेगळ्या कोरड्या बॅटऱ्यांची चळत ठेवत, आणि ती संपली की नवी आणत. शिकागोचा पॉल गॅल्व्हिन मुळात बॅटरी एलिमिनेटर बनवणारा, म्हणजे घरच्या रेडिओला बॅटरीऐवजी भिंतीतल्या विजेवर चालवणाऱ्या डब्यांचा व्यापारी. हे लक्षात ठेवा, माणूस मुळात पॉवर सप्लायवाला. घरोघरी थेट विजेवर चालणारे रेडिओ आले आणि त्याचा धंदा बसायला लागला. मग बिल लिअर आणि एल्मर वेव्हरिंग या दोघांच्या मदतीनं त्यानं गाडीचा रेडिओ उभा केला आणि जून १९३० मध्ये बायकोला घेऊन थेट ॲटलांटिक सिटीला, रेडिओवाल्यांच्या संमेलनाला गेला. स्टॉलला पैसे नव्हते. गाडी बाहेर उभी केली आणि रेडिओ मोठ्यानं लावला. ऑर्डरी मिळाल्या. मोटर आणि व्हिक्ट्रोला यांची सांगड घालून नाव ठेवलं 'मोटोरोला', मॉडेल ५टी७१, किंमत ११० ते १३० डॉलर. पुढे १९४७ मध्ये कंपनीचंही तेच नाव झालं. त्याच्या आधीचा एक किस्सा सांगतात की कर्ज मिळावं म्हणून गॅल्व्हिननं बँकवाल्याच्या पॅकार्डमध्ये रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात गाडीनं पेट घेतला. कर्ज मिळालं नाही. (हा किस्सा खाली पुन्हा लागणार आहे.)

बॅटऱ्यांची चळत घालवली ती १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या व्हायब्रेटरनं. हसू नका, त्याचं नाव खरंच तेच. अंगठ्याएवढ्या जाडीच्या डबीत एक पोलादी पट्टी, सेकंदाला सव्वाशेच्या आतबाहेर वेळा इकडून तिकडे थरथरणारी. त्या थरथरीनं बॅटरीचा सरळ प्रवाह तुकड्या-तुकड्यांचा होतो. तुकड्यांचा झाला की ट्रान्सफॉर्मरमधून वर चढवता येतो, आणि वर चढवून पुन्हा सरळ केला की व्हॉल्व्हना हवा तेवढा व्होल्टेज हजर. डबी गुणगुणायची, तिचे पॉइंट जळायचे, मग उपटून नवी बसवायची. पण भिंत ओलांडली गेली होती.

आणि मग आपल्या लाडक्या ट्रान्झिस्टरनं घोळ घातला! १९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ आणला, १५० डॉलरचा. ट्रान्झिस्टरला शेकडो व्होल्ट नकोतच, तो बॅटरीच्या बारावर खूष. अमेरिकन गाड्याही त्याच सुमारास सहावरून बारा व्होल्टवर आल्या. मग काय, व्हायब्रेटर फेकला, त्याचा ट्रान्सफॉर्मर फेकला. पुढे स्पीकरला जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग म्हणून हळूहळू तोही गेला. रेडिओ हलका झाला, थंड झाला, बिघडेनासा झाला. फक्त ताण चढवणारी शिडी आपण कचऱ्यात टाकली, हे लक्षात यायला पंधरा-वीस वर्षं लागली. तोवर चार-पाच वॅट पुरत होते, बातम्या आणि बेसबॉल ऐकायला किती लागतात?

भूक वाढली ती टेपमुळे. फोर्डनं १९६६ च्या मॉडेलांना एट-ट्रॅक देऊ केला. तो बनवणारा कोण? तोच बिल लिअर, एव्हाना लिअरजेट विमानांचा मालक झालेला. काही माणसांना गप्प बसवतच नाही. गाडीत आता स्टिरिओ होता, हवं ते गाणं होतं आणि वाजवायला होते जेमतेम चार वॅट. सत्तरच्या दशकात डॅशबोर्डखाली लटकवायचे 'पॉवर बूस्टर' निघाले. चकाकतं तोंड, इक्वलायझरच्या दांड्या, आणि आत पुन्हा तोच ब्रिज. म्हणजे भिंतीला टेकवलेलं स्टूल, पलीकडे जायचा रस्ता नव्हे. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर 'पीएमपीओ १००० वॅट' लिहायचे, त्याचाच हा चुलतभाऊ. तापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर टीडीए२००३ घेऊन अँप्लिफायर जोडलेल्यांना हे ठाऊक असेल, त्या चिपचा जन्मच गाडीच्या रेडिओसाठी.

लेबलांचा हा बाजार इतका माजला की १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं नियमच केला: वॅट सांगायचे तर सलग चालवून मोजलेले सांगा. पण नियम घरगुती अँप्लिफायरपुरता. गाडी त्यातून सुटली. माझ्या स्टिरिओवरच्या '४५ × ४' चं मूळ तिथे आहे, असं माझं मत. मुळात कुणी विचारणारंच नव्हतं.

खरा अँप्लिफायर मात्र त्याच वर्षांत आकार घेत होता. ॲरिझोनात जिम फॉसगेटनं १९७३ मध्ये गाडीसाठी वेगळा अँप्लिफायर बनवला, आणि रॉकफर्ड फॉसगेट कंपनी आपला जन्म तिथूनच मोजते. पण मला विचाराल तर या गोष्टीचे नायक ध्वनीवाले नाहीतच, पॉवर सप्लायवाले आहेत. १९७६ मध्ये सिलिकॉन जनरलनं एसजी१५२४ ही चिप आणली. स्विच किती वेळ चालू आणि किती वेळ बंद ठेवायचा, याचा सगळा हिशेब एकाच तुकड्यात. मग टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएल४९४. १९७९ च्या सुमारास इंटरनॅशनल रेक्टिफायरचे पॉवर मॉस्फेट. पट्टी सव्वाशे वेळा थरथरायची, हे सेकंदाला पंचवीस-पन्नास हजार वेळा चालू-बंद होतात. आणि वेग वाढला की ट्रान्सफॉर्मर आक्रसतो. किलो-दोन किलोच्या लोखंडाच्या जागी मेदूवड्याएवढी फेराइटची कडी.

म्हणजे पन्नास वर्षांनी आपण परत व्हायब्रेटरवर आलो! बॅटरी तोडा, वर चढवा, सरळ करा. अधिक-उणे २५ व्होल्ट मिळाले की त्याच ४ ओहमच्या स्पीकरमधून प्रामाणिक पंचाहत्तर वॅट निघतात.

आता हे सगळं पिकअपमध्येच इतकं का फोफावलं? त्यामागे कोंबड्या आहेत, गंभीरपणे सांगतोय. युरोपनं अमेरिकन कोंबड्यांवर जकात चढवली म्हणून अमेरिकेनं १९६४ पासून आयात छोट्या ट्रकांवर २५ टक्के कर लावला. त्यातून पळवाट निघाली. जपानी ट्रक हौद्याशिवाय आणायचा, त्यावर ४ टक्केच कर, आणि हौदा अमेरिकेत चढवायचा. १९८० मध्ये ही फट बुजवली, तोवर स्वस्त, छोटे, दणकट ट्रक हजारो तरुण पोरांच्या हातात गेले होते. कॅलिफोर्नियात त्यांनी ते जमिनीला टेकवले, रंगवले आणि आवाजानं भरले. पण पिकअपला डिकी नसते. सीटच्या मागे वीतभर जागा, त्यातच जॅक आणि पाना. (डॉजनं १९७३ मध्ये क्लब कॅब काढून मागे थोडी जागा दिली, फोर्डनं पुढच्या वर्षी.) मग काहींनी केबिनची मागची भिंत कापून हौद्यातून स्पीकरची तोंडं आत काढली. अँप्लिफायर गेला सीटखाली. छोट्या केबिनमध्ये बेस आपोआप फुगतो, हा त्यांना मिळालेला फुकटचा फायदा.

मीही सीटखालीच लावला. एका शनिवारी, मॅन्युअल मांडीवर घेऊन. जाडी लाल वायर बॅटरीपासून निघून फायरवॉलमधून आत येते. आमच्या धंद्यातली फायरवॉल नव्हे, इंजिन आणि केबिन यांच्यामधला खराखुरा पत्रा. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुईंऽऽऽ. दोन वीकांत खाल्ले त्या कुईंनं. शेवटी सापडलं की बॉडी अर्थ मी रंगावरच कसला होता. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर कसला, कुईं बंद. आणि मग हायवेला, एसी फुल ठेवून, त्या ट्रकमध्ये मी पहिल्यांदा तबल्याचा डग्गा ऐकला. त्याआधी मला वाटायचं, रेकॉर्डिंगच तसं आहे.

दीड महिन्यानंतर ऑइल बदलायला बॉनेट उघडलं. लाल वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घालायचा कंटाळा मी केला होता. कड वायरला घासत होती. वरचं आवरण गेलं होतं आणि आतलं तांबं दिसत होतं. पत्र्यापासून अंतर नखाएवढं. आणि बॅटरीपाशी फ्यूज? तो 'पुढच्या शनिवारी' लावायचा होता. अँप्लिफायरच्या अंगात फ्यूज होता, पण तो अँप्लिफायरला वाचवतो. बॅटरीपासून तिथपर्यंतच्या पंधरा फूट वायरला कोणीच राखण नव्हतं. पत्र्याला टेकली असती तर शेकडो अँपिअर, आणि बँकवाल्याची पॅकार्ड. मी बराच वेळ हातात पाना घेऊन उभा होतो. त्याच आठवड्यात मागच्या सीटवर मित्राचं तीन वर्षांचं पोर बसलं होतं.

वायर नवी टाकली, ग्रोमेट घातला, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज लावला. मगच परत किल्ली फिरवली.

लेबलांचं म्हणाल तर गाडीसाठीही २००३ मध्ये उद्योगानंच सीईए-२००६ नावाचं मापन ठरवलं: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, विकृती एक टक्क्याच्या आत. आता त्याला सीटीए-२००६ म्हणतात. सक्ती नाही, ज्याला छापायचं तो छापतो. क्लास-डी आल्यापासून अँप्लिफायर जेवणाच्या डब्याएवढे झालेत आणि तापतही नाहीत, पण आतली शिडी तीच.

ट्रक विकला तेव्हा अँप्लिफायर काढून घेतला होता. तो इतकी वर्षं माळ्यावर पडून होता. काल उतरवला, चार स्क्रू काढून झाकण उघडलं. अर्ध्याहून जास्त बोर्ड पॉवर सप्लायनंच व्यापलंय. एका टोकाला टीएल४९४, शेजारी मॉस्फेटची रांग, मधोमध तांब्याची वायर गुंडाळलेली कडी. आवाजाचा भाग कोपऱ्यात, अंग चोरून बसलेला. फोटो काढून त्या पोराला पाठवला. त्याचं लगेच उत्तर, "दादा, पुढच्या रविवारी माझ्या गाडीला लावायचा?" म्हटलं ये. येताना फ्यूज होल्डर आणि दोन ग्रोमेट घेऊन ये, बाकीचं माझ्याकडे आहे.