दुसरा गुडघा

आमचे धाकटे चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, 1971 च्या लढाईत सुरुंगावर पाय पडून डावा पाय गुडघ्याखाली गमावून बसले. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसवला, पेन्शन लागली. तेवढ्यात घर भागेना, म्हणून मुलुंडला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन राहिले. बारा-बारा तास उभं राहायचं, वर स्टेशनचा पूल रोज चढा-उतरायचा.

वीस वर्षांनी उजवा गुडघा गेला. मागोमाग कंबर. बैलाचा एक पाय दुखावला की तो सगळा भार दुसऱ्यावर टाकतो, आणि हंगाम सरेपर्यंत तो पायही धरतो, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक. पण कागदावर टक्के डाव्या पायाचे. उजव्यासाठी अर्ज केला तर "वयोमानानुसार झीज" असा शेरा येऊन परत. तात्या म्हणाले, "दोन्ही गुडघे एकाच दिवशी जन्माला आले, मग झिजला उजवाच कसा?"

जखमी शिपायाचं काय करायचं हा प्रश्न जुनाच. पहिल्या महायुद्धातून अधू होऊन आलेल्यांसाठी लेडी विलिंग्डनबाईंनी 1917 साली मुंबईत क्वीन मेरी तंत्रशाळा काढली. ती पुढं खडकीला गेली. तिथं हाताला धंदा शिकवत. पेन्शनीचं मात्र निराळं. तिथं सगळं अडतं ते एवढ्यावर: दुखणं सेवेमुळं झालं का, नाहीतर सेवेनं बळावलं का. तात्यांचा उजवा गुडघा फौजेत असताना धड होता, हेच त्यांना नडलं. अमेरिकेत जखमेपोटी पुढं उद्भवलेलं दुखणंही जखमेच्याच खात्यावर धरतात. संबंध तेवढा डॉक्टरी कागदानं दाखवावा लागतो.

आपल्याकडं 2007 च्या कायद्यानं सशस्त्र दल न्यायाधिकरण आलं, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. 2013 साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल आणि पुढं त्या रोगापायी शिपाई काढला गेला, तर तो सेवेमुळंच झाला असं धरायचं. नाही म्हणणाऱ्या सरकारनं ते सिद्ध करावं. धरमवीरांना फिट यायच्या. तात्यांचा प्रश्न वेगळा होता, आणि तोवर तात्याही उरले नव्हते.

चुलतीनं अर्जांच्या प्रती पत्र्याच्या पेटीत ठेवल्यात. गावातला कुणी फौजेतनं सुटून आला की मी पहिलं विचारतो, सुटतानाच्या मेडिकल बोर्डाची प्रत घेतलीस का? कंबर दुखत असंल तर तीपण लिहून घेतलीस का? बहुतेक जण हसतात. परवा एकजण मात्र घरी जाऊन फाईल घेऊन आला.