जुन्या शिराताकीची सकाळची गाडी

सन २०१६ च्या जानेवारींत एक गोष्ट जगभर पसरली. जपानच्या उत्तरेस होक्काइदो बेटावर कामी-शिराताकी नांवाचें एक ओसाड स्टेशन आहे. तेथें रोज एकच विद्यार्थिनी गाडींत बसते. आणि तिचें शिक्षण पुरें होईपर्यंत रेल्वे कंपनीनें तें स्टेशन केवळ तिच्यासाठीं चालू ठेविलें आहे, अशी ती गोष्ट. आम्हींहि ती वर्गांत सांगितली. मुलें गप्प बसून ऐकत होतीं. एका मुलीनें तर डोळे पुसले. पुढें वेळापत्रकें व वृत्तें ताडून पाहतां आमची चूक ध्यानांत आली. इतिहासाच्या शिक्षकास हें शोभणारें नव्हे.

शिराताकी ही वसाहतवाल्यांची भूमि. १९१२ सालीं मोरिहेइ उएशिबा हे वाकायामा प्रांतांतील कांहीं कुटुंबें घेऊन येथें जंगल तोडून शेती करावयास आले. हेच गृहस्थ पुढें ऐकिदो या युद्धविद्येचे जनक म्हणून प्रसिद्धीस आले. आगगाडी त्यांच्या बरीच मागून आली. १९२९ सालीं शिराताकी व खालचें शिमो-शिराताकी हीं स्टेशनें उघडलीं. १९३२ सालीं डोंगरांतील बोगदा पुरा होऊन वरचें कामी-शिराताकी उघडलें. चौथें क्यू-शिराताकी. ‘क्यू’ म्हणजे जुना. पण गंमत अशी कीं, हें ‘जुनें शिराताकी’च चौघांत सर्वांत धाकटें! १९४७ सालीं तें निव्वळ चढउतारीची तात्पुरती जागा म्हणून निघालें, आणि स्टेशनाचा दर्जा त्यास मिळाला तो १९८७ सालीं, राष्ट्रीय रेल्वेचे तुकडे होऊन निरनिराळ्या कंपन्या झाल्या तेव्हां. तेथें ना स्टेशनमास्तर, ना तिकिटाची खिडकी. एक लांकडी खोपट व आखूड फलाट. अशा ठिकाणीं गाडींत चढतांना क्रमांकाची चिठी घ्यावयाची व उतरतांना भाडें चालकाजवळच्या पेटींत टाकावयाचें.

आतां ती विद्यार्थिनी. ती चढत असे कामी-शिराताकीस नव्हे, या क्यू-शिराताकीस. एन्गारु येथील शाळेस जावयास सकाळीं एकच गाडी, परत यावयास तीन. स्टेशन मिटविण्याचें कारण प्रवाशांची टंचाई; २६ मार्च २०१६ रोजीं होक्काइदोंत एकदम आठ स्टेशनें बंद झालीं, त्यांत कामी, क्यू व शिमो हीं तिन्ही शिराताकी होतीं. जपानांत रेल्वेचें वेळापत्रक मार्चमध्यें बदलतें, आणि शाळेचें वर्षहि मार्चमध्येंच संपतें. दोन तारखा जवळ आल्या, लोकांनीं त्यांत कार्यकारणभाव पाहिला!

तथापि गोष्ट सर्वस्वीं खोटी, असें आमच्यानें म्हणवत नाहीं. मुलगी खरी, गाडी खरी. पदरची ती तेवढी कंपनीची दया. आणि जें त्या गोष्टींत नाहीं तेंच आम्हांस अधिक जड वाटतें. जंगल तोडून वसविलेला मुलुख शंभर वर्षांत इतका रिकामा झाला कीं चार स्टेशनांपैकीं एकच उरलें.

हें सर्व आम्हीं वर्गांत पुन्हा सांगितलें. जिनें डोळे पुसले होते तीच मुलगी उभी राहून म्हणाली, “पण सर, त्या गांवांतलीं बाकीचीं माणसें कोठें गेलीं, हें कोणींच कसें विचारलें नाहीं?” आम्हांस चटकन् उत्तर देतां आलें नाहीं; फळ्यावर मार्गाचा नकाशा काढून दाखविला. कामी-शिराताकी गेल्यामुळें शिराताकीपासून कामिकावापर्यंत आतां ३७.३ किलोमीटर अंतरांत प्रवाशांस चढावया-उतरावयास एकहि जागा उरलेली नाहीं.