हृदयझडपेचे उपचार : चाचण्यांचे निकष आणि प्रत्यक्षातील रुग्ण

हृदयाच्या झडपांवरील उपचार ठरविताना वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष आधारभूत मानले जातात. मात्र या चाचण्यांमध्ये कोणाला समाविष्ट करावयाचे, याचे निकष कडक असतात. त्यामुळे रायपूरच्या भनपुरी औद्योगिक परिसरातील एखाद्या कामगार कुटुंबातील रुग्णाला ते निष्कर्ष कितपत लागू पडतात, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

दोन चाचण्या, दोन निष्कर्ष

मायट्रल झडप नीट मिटत नसल्यास रक्त मागे फिरते आणि रुग्णाला धाप लागते. छाती न उघडता, मांडीतील शिरेतून नळी नेऊन झडपेच्या पाकळ्या क्लिपने जोडण्याची पद्धत आता वापरात आहे. हृदयाचे स्नायू दुर्बल झाल्याने झडप गळणाऱ्या रुग्णांवरील तिच्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिका व कॅनडातील 'कोअ‍ॅप्ट' चाचणीत ६१४ रुग्ण होते. दोन वर्षांत क्लिप बसविलेल्यांपैकी २९.१ टक्के, तर केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी ४६.१ टक्के रुग्ण दगावले. फ्रान्समधील 'मित्रा-एफआर' चाचणीत ३०४ रुग्ण होते. तेथे वर्षअखेर कोणताही लाभ आढळला नाही.

या फरकाचे एक कारण रुग्णांच्या निवडीत असल्याचे मानले जाते. 'कोअ‍ॅप्ट'मध्ये औषधोपचार पुरेपूर झाल्यावरच प्रवेश मिळत असे आणि हृदयाचा डावा खालचा कप्पा फार प्रसरण पावलेल्यांना वगळले जाई. युरोपातील रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या असता, प्रत्यक्षात क्लिप बसविलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णच 'कोअ‍ॅप्ट'च्या निकषांत बसत होते.

भारतातील वेगळे चित्र

'कोअ‍ॅप्ट'मधील रुग्णांचे सरासरी वय ७२ वर्षे होते. भारतात झडपेच्या विकाराचे मोठे कारण बालपणी घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा रुमॅटिक ताप हे आहे. भारतासह १४ देशांतील रुमॅटिक हृदयरुग्णांच्या 'रेमेडी' पाहणीत रुग्णांचे मध्यक वय २८ वर्षे आढळले. त्यांत सुमारे दोनतृतीयांश स्त्रिया होत्या. या रोगात पाकळ्या जाड होऊन चिकटतात व झडप अरुंद होते. अशा झडपेला क्लिप लावल्यास ती आणखी अरुंद होण्याचा धोका असतो. म्हणून फुग्याने झडप रुंदावणे, शस्त्रक्रियेने दुरुस्ती करणे किंवा झडप बदलणे, हे पर्याय विचारात घेतले जातात.

वगळलेल्यांची चाचणी

रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या औषधांच्या प्रमुख चाचण्यांतून मायट्रल झडप लक्षणीय अरुंद असलेले रुग्ण वगळण्यात आले होते. त्यांच्यासाठी भारतासह २४ देशांत 'इन्व्हिक्टस' ही स्वतंत्र चाचणी घेण्यात आली. साडेचार हजारांहून अधिक रुग्ण असलेल्या या चाचणीचा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. रुमॅटिक झडपविकार व अनियमित ठोके असलेल्यांमध्ये रिव्हारोक्साबॅन या नव्या औषधापेक्षा वॉरफॅरिनच्या गटातील जुनी औषधे घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. वॉरफॅरिन घेणाऱ्यास वारंवार रक्ततपासणी करावी लागते आणि रोजंदारीवरील कामगाराचा त्यासाठी दिवस मोडतो. तरीही डॉक्टरांच्या सल्ल्याविना औषध बदलणे अशा रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

रुग्णाने काय विचारावे?

उपचार सुचविले गेल्यास पुढील प्रश्न विचारणे हिताचे ठरते : झडप गळते आहे की अरुंद झाली आहे? मूळ कारण रुमॅटिक ताप आहे काय? ज्या चाचणीचा दाखला दिला जातो, तीत आपल्या वयाचे व आपल्यासारख्या आजाराचे रुग्ण होते काय? औषधांचा पुरेसा उपयोग करून झाला आहे काय?

एखाद्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारणा झाल्यास, २०१९ च्या नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार रुग्णाची माहितीपूर्वक संमती आवश्यक असते. भारतातील चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून सुरू असून ती कोणालाही पाहता येते. निकषांत न बसणे म्हणजे उपचारास अपात्र ठरणे नव्हे. अशा रुग्णाचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ व शल्यविशारद यांनी एकत्र बसून, त्याची प्रकृती पाहून घ्यावयाचा असतो.