एकवीस पराभवांचा एप्रिल

एप्रिल लागला की माझी सकाळ चहा आणि ओरिओल्सचा स्कोअर यांत जाते. बाल्टिमोरचा हा बेसबॉल संघ म्हणजे आपला जुना रोग. आठ-दहा सामने होतात न होतात तोच मी निकाल देऊन मोकळा: हा संपला, त्याला बाहेर बसवा. बायको म्हणते, ‘अहो, अजून दीडशे सामने आहेत!’ खरंय, मोसम 162 सामन्यांचा असतो. पण एप्रिलवर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न मला 1988 पाशी घेऊन जातो.

4 एप्रिलला घरच्या मैदानावर मिलवॉकीकडून 12-0 ने हार. ठीक आहे, होतं असं. मग दुसरी हार, तिसरी... सहा झाल्यावर मालकांचा धीर सुटला आणि मॅनेजर कॅल रिपकेन सीनियर यांना काढलं. (बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे आपला कोच बरं का.) ज्या माणसाने तीस वर्षं याच क्लबात घालवली, त्याला सहा सामने! आणि संघात त्यांची दोन पोरं खेळत होती, कॅल ज्युनियर आणि बिली. बापाची नोकरी गेली, तरी पोरांना बॅट घेऊन उभं राहायचंच होतं. बिलीने नंतर वडिलांचा 7 नंबर अंगावर घेतला.

नवा मॅनेजर फ्रँक रॉबिन्सन, क्लबचा जुना हिरो. काय फरक पडला? आणखी पंधरा पराभव. सुरुवातीच्या पराभवांचा जुना विक्रम 13 चा होता. हे 21 पर्यंत गेले. बॉब रिव्हर्स नावाच्या रेडिओवाल्याने जाहीर केलं, संघ जिंकेपर्यंत मी माईक सोडणार नाही. बिचारा 258 तास बसला. आमचा एपिसोड तासाभराचा झाला तरी एडिटरचं तोंड वाकडं होतं!

29 एप्रिलला शिकागोत अखेर 9-0 ने विजय. एडी मरे आणि कॅल ज्युनियर, दोघांचेही होमरन.

आता मोसमअखेरचे आकडे बघा. संघ 107 सामने हरला, म्हणजे एप्रिल संघाबद्दल खोटं बोलला नव्हता. पिचिंग खरंच कच्चं होतं. पण ज्या कॅल ज्युनियरची बॅट तेव्हा गप्प होती, त्याने 23 होमरन मारले, मरेने 28. माझं मत असं, की पंचवीस दिवसांत संघाचा पाया कळू शकतो, चांगल्या बॅटरचा मोसम नाही. आणि मॅनेजरचा दोष किती, हे तर सहा सामन्यांत मुळीच कळत नाही. सीनियरना काढणं मला आजही पटत नाही.

2 मे ला संघ घरी परतला तेव्हा हिशेब होता एक विजय, तेवीस पराभव. तरी स्टेडियममध्ये 50,402 लोक! त्या रात्री जिंकले पण.

पुढच्या वर्षी याच क्लबने 87 सामने जिंकले, टोरोंटोच्या फक्त दोन पावलं मागे. आणि तिसऱ्या बेसजवळ कोच म्हणून कोण उभं होतं? कॅल सीनियर.