निळा पडदा (संगणक)

निळा पडदा किंवा ब्लू स्क्रीन ही विंडोज या संचालन प्रणालीतील गंभीर बिघाडाची सूचना होय. साध्या प्रोग्रॅममध्ये चूक झाल्यास तो एकटाच बंद पडतो; मात्र प्रणालीच्या गाभ्यात म्हणजे कर्नेलमध्ये चूक झाल्यास साठवलेली माहिती बिघडू नये म्हणून विंडोज संपूर्ण संगणकच थांबवते. न जतन केलेले काम यात नष्ट होते.

इतिहास

१९९३ सालच्या विंडोज एनटी ३.१ पासून अशा पडद्यावर दोषाचा संकेत दाखवला जाऊ लागला. विंडोज ८ मध्ये (२०१२) त्यावर उदास चेहऱ्याचे चिन्ह आले. २०२५ मध्ये विंडोज ११ मध्ये या पडद्याचा रंग काळा करण्यात आला.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्यतनामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. मुंबईसह भारतातील अनेक विमानतळांवर कामकाज खोळंबले. काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. अनेक संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून सदोष फाइल हाताने काढावी लागली.

कारणे

सदोष ड्रायव्हर, खराब रॅम, निकामी होत चाललेली हार्ड डिस्क, अपुरा वीजपुरवठा करणारा पॉवर सप्लाय आणि अतिउष्णता ही प्रमुख कारणे आहेत. परभणी जिल्ह्यातील सोनपेठसारख्या गावी उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. पंख्यात व हीटसिंकवर धूळ साचलेली असल्यास प्रोसेसर लवकर तापतो.

वारंवार येणाऱ्या दोषाचा शोध

संगणक सुरू होत असेल, तर सर्वप्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाह्य डिस्कवर घ्यावी. डिस्क निकामी होत असल्यास दुरुस्तीच्या प्रयत्नातच उरलेली माहिती गमावण्याची शक्यता असते.

त्यानंतर पडद्यावरील संकेत व दिसल्यास फाइलीचे नाव लिहून घ्यावे. ‘मेमरी मॅनेजमेंट’ हा संकेत रॅमकडे, तर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हा डिस्क किंवा तिच्या ड्रायव्हरकडे निर्देश करतो. मात्र संकेत हा पुरावा नसून केवळ दिशा असते. विंडोज फोल्डरमधील मिनीडंप फाइलींत अधिक तपशील मिळतो.

दोष नवे उपकरण, ड्रायव्हर किंवा अद्यतन घातल्यानंतर सुरू झाला असल्यास ते काढून पाहावे. सेफ मोडमध्ये मोजकेच ड्रायव्हर चालतात. तेथे संगणक स्थिर राहिल्यास ड्रायव्हर किंवा इतर सॉफ्टवेअरचा संशय बळावतो. तेथेही तो बंद पडत असल्यास यंत्रभागांची तपासणी करावी.

रॅमसाठी विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवावे. दोन रॅमपट्ट्या असल्यास संगणक बंद करून, वीजजोडणी काढून, एका वेळी एकच पट्टी लावून पाहावी. डिस्कची तपासणी व प्रणालीच्या फाइलींची दुरुस्ती त्यानंतर करावी.

एका वेळी एकच बदल करणे व त्याची तारखेसह नोंद ठेवणे आवश्यक आहे. अनेक बदल एकदम केल्यास दोष गेला तरी त्याचे कारण कळत नाही. विंडोज नव्याने टाकणे हा शेवटचा उपाय असून, त्यानंतरही निळा पडदा येत राहिल्यास दोष बहुधा यंत्रभागातच असतो.